पाळी पुढे ढकलणारी गोळी, तीन महिन्यांची सुई आणि आपले सिकलसेल

वर्षावासाचे दिवस सरत आले, दीक्षाभूमीला जायची तयारी सुरू झाली की आमच्याकडे एक प्रश्न हमखास येतो. “ताई, पाळी चार-पाच दिवस पुढे जाईन अशी गोळी सांगा ना.” काही जणी तर विचारतही नाहीत. आर्णीच्या बाजारात आल्या की मेडिकलच्या काउंटरवर हळूच सांगतात, पोरगा कागदात गुंडाळून गोळ्या देतो. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नये असे पाकिटावर छापलेले असते, पण चिठ्ठी कोणी मागत नाही. लग्नसराईत हेच, ६ डिसेंबरला चैत्यभूमीला निघताना हेच. शेजारच्या घरांत महालक्ष्म्या बसायच्या वेळी आणि नवरात्रातही हेच.

आम्ही म्हणजे आर्णी तालुक्यात आरोग्याचे काम करणाऱ्या काही जणी. आमच्यातल्या कोणी दवाखान्यात नर्सची नोकरी केलेली, कोणी आशाताई, कोणी विहाराच्या महिला मंडळातल्या. जवळा, लोणबेहळ, सावळी सदोबा या भागांत बैठका घेताना पाळीच्या गोळीचा विषय निघाला नाही असे फार कमी वेळा होते.

आपल्यात विटाळ नाही. विहारात पाळीतल्या बाईला कोणी अडवत नाही, अडवूही नये. मग गोळी कशाला, असे आम्ही सुरुवातीला विचारायचो. उत्तर सरळ आले. रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसायचे, नागपुरात लाखोंची गर्दी, संडासाच्या रांगेत तास जातो, कपडा बदलायला आडोसा नाही. हे कारण खोटे म्हणता येत नाही. विटाळासाठी गोळी घेणारीला आम्ही नक्की टोकतो, पण आडोसा नाही म्हणून घेणारीला टोकायचा आम्हाला अधिकार नाही. तिला एवढेच सांगायचे असते की ही गोळी म्हणजे काय, ती कोणी घेऊ नये आणि आपल्या समाजातल्या स्त्रीने ती घेण्याआधी एक गोष्ट तपासलीच पाहिजे. ती गोष्ट म्हणजे सिकलसेल.

गोळीत काय असते

स्त्रीच्या अंगात महिन्याच्या चक्रात दोन हार्मोन काम करतात. पहिल्या पंधरवड्यात इस्ट्रोजेन गर्भपिशवीच्या आतले अस्तर वाढवते. बीज बाहेर पडले की प्रोजेस्टेरॉन येते आणि ते अस्तर गर्भ रुजण्याजोगे करून धरून ठेवते. गर्भ राहिला नाही तर प्रोजेस्टेरॉन उतरते, धरून ठेवणारे कोणी उरत नाही, अस्तर सुटते आणि रक्त जाते. हीच पाळी. बाळासाठी केलेली तयारी मोडली, एवढाच त्याचा अर्थ. त्यात घाण, अशुद्ध असे काही नाही.

आता बाहेरून प्रोजेस्टेरॉनसारखेच औषध देत राहिले तर शरीराला वाटते की हार्मोन अजून उतरलेच नाही. अस्तर धरून राहते, पाळी लांबते. औषध बंद केले की साधारण दोन-तीन दिवसांत पाळी येते. युक्ती एवढीच आहे.

खरे प्रोजेस्टेरॉन १९३४ साली वेगळे काढता आले, पण तोंडावाटे घेतले तर ते फारसे लागू पडत नसे. म्हणून त्याच्यासारखेच वागणारे, पण पोटातून गेले तरी टिकणारे रसायन शोधणे सुरू झाले. मेक्सिकोतल्या जंगली कंदापासून असे हार्मोन बनवण्याची वाट रसेल मार्कर या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने दाखवली. पुढे मेक्सिको शहरातल्या सिन्टेक्स कंपनीच्या प्रयोगशाळेत १५ ऑक्टोबर १९५१ रोजी लुईस मिरामोन्तेस या २६ वर्षांच्या विद्यार्थ्याने, कार्ल जेरासी यांच्या हाताखाली काम करताना, नॉरएथिस्टेरॉन तयार केले. आपल्याकडे प्रायमोल्युट-एन, रेजेस्ट्रोन अशा नावांनी मिळणारी पाळीची गोळी ती हीच.

अशा कृत्रिम औषधांच्या सगळ्या गोतावळ्याला प्रोजेस्टोजेन म्हणतात. सरकारी दवाखान्यात मिळणारी ‘अंतरा’ सुई म्हणजे मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन. ७२ तासांच्या आत घ्यायची तातडीची गोळी म्हणजे लेव्होनॉर्जेस्ट्रेल. माला-एनमध्येही तेच असते, पण तिच्यात जोडीला इस्ट्रोजेन घातलेले असते. हा फरक नीट लक्षात ठेवावा, पुढे कामी येणार आहे. आठवड्याची ‘छाया’ गोळी मात्र या गोतावळ्यातली नाही. ती लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेने शोधलेली वेगळीच गोळी आहे, तिच्यात हार्मोन नाही. आशाताईंनी दोन्हींची माहिती एका दमात दिली की बायकांचा गोंधळ होतो, म्हणून सांगितले.

तीन गोळ्या म्हणजे जवळपास एक माला-एन

१९५८ साली नागपूरच्या डॉ. शुक्ला आणि डॉ. सोळंकी यांचा मध्य भारतातल्या सिकलसेलवरचा लेख ‘लॅन्सेट’ या जगप्रसिद्ध वैद्यकीय नियतकालिकात आला. तेव्हापासून डॉक्टरांना माहीत आहे की विदर्भात हा आजार पूर्वाश्रमीच्या महार, म्हणजे आजच्या बौद्ध समाजात आणि गोंड, परधान अशा आदिवासी समाजांत ठाण मांडून आहे. ही कोणाच्या कर्माची फळे नाहीत. मलेरियाच्या प्रदेशात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांच्या रक्तात हा बदल टिकून राहिला, कारण एका पालकाकडून तो आला तर मलेरियापासून थोडा बचाव होतो. दोन्हीकडून आला की मात्र माणूस ‘एसएस’, म्हणजे सिकलसेलग्रस्त होतो. त्याच्या लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक नसांत अडकतात, हाडे-सांधे असह्य दुखतात, रक्त कमी राहते. आणि रक्ताची गुठळी होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त असतो.

गुठळीचा धोका इस्ट्रोजेनमुळेही वाढतो. म्हणून ‘एसएस’ स्त्रीच्या बाबतीत माला-एनसारखी जोडगोळी देताना डॉक्टर बिचकतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांत तिला या गोळ्या विचार करून देण्याच्या वर्गात ठेवले आहे, आणि अमेरिकेच्या २०२४ च्या निकषांत तर देऊच नये अशा चौथ्या वर्गात. नुसते प्रोजेस्टोजेन असलेली साधने त्या मानाने सुरक्षित समजली जातात.

इथे एक मेख आहे आणि ती मेडिकलवाल्याला माहीत नसते. नॉरएथिस्टेरॉन हे नुसते प्रोजेस्टोजेन असले तरी शरीरात गेल्यावर त्याचा थोडा भाग इस्ट्रोजेनमध्ये बदलतो. दिवसाला १० ते २० मिलिग्रॅम घेतले तर साधारण २० ते ३० मायक्रोग्रॅम इस्ट्रोजेन घेतल्यासारखे होते. माला-एनच्या एका गोळीत ३० मायक्रोग्रॅम असते. पाळी पुढे ढकलण्यासाठी ५ मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज घ्यायच्या असतात, म्हणजे १५ मिलिग्रॅम. हिशेब तुम्हीच करा. ज्या ‘एसएस’ मुलीला डॉक्टर माला-एन द्यायला कचरतील, तीच मुलगी बहिणीच्या लग्नासाठी काउंटरवरून जवळपास तेवढेच इस्ट्रोजेन आठ-दहा दिवस घेते, वर रात्रभर पाय लोंबकळत ठेवून बसने प्रवास करते, आणि धावपळीत पाणीही कमी पिते.

अशीच एक मुलगी आमच्या माहितीत आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि वय लिहीत नाही. सिकलसेलचे कार्ड घरी पेटीत, गोळ्या पर्समध्ये. लग्न आटोपून परत आली आणि तिसऱ्या दिवशी एक पोटरी सुजली, दुखू लागली. घरच्यांना वाटले नेहमीचेच सिकलसेलचे दुखणे. शेकले, तेल चोळले. सुदैवाने गावातल्या आशाताईने पाहिले की एकच पाय सुजला आहे आणि तो गरम आहे. त्याच रात्री यवतमाळला नेले, पायाच्या खोल नसेत गुठळी निघाली. कित्येक महिने रक्त पातळ करणारी औषधे चालली. गुठळी गोळीमुळेच झाली असे एका केसवरून कोणी छातीठोकपणे म्हणू शकत नाही, सिकलसेल तर होतेच. पण तिने गोळी घेताना कोणी एक प्रश्न विचारला असता तर ती टाळता आली असती.

एक पाय सुजणे, छातीत दुखणे, एकाएकी धाप लागणे, खोकल्यातून रक्त, जन्मात झाली नाही अशी डोकेदुखी, नजर अंधुक होणे, बोलणे अडखळणे. गोळी चालू असताना यातले काहीही झाले तर गोळी थांबवून थेट मोठा दवाखाना गाठायचा. सुजलेला पाय चोळायचा तर अजिबात नाही.

सिकलसेल नसलेल्या, धडधाकट बाईने डॉक्टरांना विचारून वर्षातून एखाद्या वेळी ही गोळी घेतली तर सहसा काही बिघडत नाही. मळमळ होते, छाती भरून येते, चिडचिड होते. पाळीच्या अंदाजे तारखेच्या तीन दिवस आधी सुरू करावी लागते. पाळी सुरू झाल्यावर घेऊन काही उपयोग नाही, आणि या गोळीने गर्भ राहणे थांबते असे समजू नये. पूर्वी गुठळी किंवा लकवा झालेला, यकृताचा आजार, स्तनाचा कॅन्सर, दिवस राहिल्याची शंका, किंवा कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर घेऊच नये. ‘एसएस’ असाल आणि पाळी ढकलणे खरोखर गरजेचे असेल तर डॉक्टरांना तसे सांगा. मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉनची गोळी असते, तिचे इस्ट्रोजेन होत नाही. तिचा विचार डॉक्टर करू शकतात. ‘एएस’, म्हणजे नुसते वाहक असाल, तर तुम्ही आजारी नाही आणि इतके घाबरायचे कारण नाही. तरी डॉक्टरांच्या कानावर घालावे.

अंतरा: रक्त कुठे जाते?

‘अंतरा’ सुई २०१७ पासून सरकारी कुटुंबनियोजन कार्यक्रमात मोफत मिळते. १५० मिलिग्रॅम मेड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, तीन महिन्यांतून एकदा, दंडावर किंवा कमरेवर. बीज बाहेर पडणे थांबते, त्यामुळे गर्भ राहत नाही. नवऱ्याला न सांगता घेता येते, हा तिचा एक मोठा गुण. त्यावर नाके मुरडणाऱ्यांनी आधी दारू पिऊन येणाऱ्या नवऱ्याच्या बायकोशी बोलून पाहावे.

या सुईबद्दल सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न: “पाळी येत नाही तर मंग थे रगत पोटातच साचून रायते का वं?” नाही, साचत नाही. सुईमुळे अस्तर पातळच राहते, वाढतच नाही. जे तयारच झाले नाही ते साचणार कुठून? डोळ्यांत उतरते, डोक्यात चढते, गाठ होते, हे सगळे ऐकीव आहे. पहिले काही महिने थेंब-थेंब, अवेळी, कधी जास्त दिवस अंगावरून जाते. वर्षभर सुई घेतलेल्या साधारण अर्ध्या जणींची पाळी पूर्ण थांबते. हे आधी सांगितले तर बाई घाबरत नाही. न सांगता सुई टोचली तर दुसऱ्या सुईला ती येत नाही, आणि आपल्याकडे नेमके तेच घडते.

सांगायच्या गोष्टी आणखीही आहेत. सुई बंद केल्यावर दिवस राहायला शेवटच्या सुईपासून सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून लगेच मूल हवे असणाऱ्या नवीन जोडप्याने दुसरे साधन बघावे. वजन थोडे वाढते. बरीच वर्षे घेतली तर हाडांची घनता कमी होते, बंद केल्यावर बरीचशी भरून येते. अमेरिकेत २००४ पासून या सुईवर तसा ठळक इशारा छापतात. २०२४ साली फ्रान्समधल्या एका मोठ्या अभ्यासात ही सुई वर्षाहून जास्त काळ घेणाऱ्या स्त्रियांत मेंदूच्या आवरणाच्या एका प्रकारच्या गाठीचे प्रमाण जास्त दिसले. ती गाठ मुळातच फार विरळ असते, त्यामुळे घाबरून सुई सोडायची गरज नाही, पण सतत डोकेदुखी किंवा नजरेत फरक असेल तर अंगावर काढू नये. बाळंतपणानंतर अंगावर पाजत असाल तर सहा आठवड्यांनी घेता येते. सुईची जागा चोळायची नाही, शेकायची नाही. तारीख चुकली तर चार आठवड्यांपर्यंत घेता येते, पण कार्डावरच्या तारखेलाच जावे हे बरे.

आता सिकलसेलकडे परत येऊ. ‘एसएस’ स्त्रीला गर्भारपण जिवावर बेतू शकते. रक्त आणखी उतरते, दुखण्याचे झटके वाढतात, फुप्फुसांत संसर्ग होतो. तिच्यासाठी दोन मुलांत अंतर ठेवणे हा जिवाचाच प्रश्न आहे. तांबीने, म्हणजे साध्या कॉपर-टीने, पाळीत जास्त रक्त जाते आणि तिच्याकडे मुळात रक्तच कमी. अशा वेळी ही सुई तिच्या उपयोगी पडू शकते. जमैकातल्या डॉक्टरांनी १९८२ साली ‘लॅन्सेट’मध्ये २५ सिकलसेलग्रस्त स्त्रियांवरचा अभ्यास छापला, त्यात ही सुई चालू असताना दुखण्याचे झटके कमी झालेले आढळले. २५ ही संख्या लहान आहे हे खरे. जागतिक आरोग्य संघटना या सुईला सिकलसेलमध्ये विनाअट मान्यता देते, अमेरिकेचे २०२४ चे निकष मात्र गुठळीच्या धोक्यामुळे थोडी सावधगिरी सांगतात. म्हणून आमचे म्हणणे: सिकलसेल आहे म्हणून सुई नाकारू नका आणि सिकलसेल लपवून ती घेऊही नका. डॉक्टरांसमोर कार्ड ठेवून ठरवा.

आणि घरातल्या पुरुषाची नसबंदी या सगळ्यापेक्षा सोपी आहे. पोट उघडावे लागत नाही, त्याच दिवशी घरी. बैठकीत हे सांगितले की पुरुष मंडळी खाली बघतात.

कोणावर प्रयोग झाले

या औषधांचा इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. गर्भनिरोधक गोळीच्या पहिल्या मोठ्या चाचण्या १९५६ साली प्युर्टो रिको या गरीब बेटावर, वस्त्यांमधल्या बायकांवर झाल्या. आपल्यावर प्रयोग होतो आहे हे त्यांना धड सांगितलेले नव्हते आणि गोळीतल्या हार्मोनची मात्रा आजच्यापेक्षा कितीतरी जास्त होती. आज अंतरा म्हणून मिळणारी सुई अमेरिकेत अटलांटा शहरातल्या एका दवाखान्यात १९६७ ते १९७८ या काळात सुमारे ११ हजार स्त्रियांना दिली गेली. त्यांतल्या बहुतेक गरीब, कृष्णवर्णीय होत्या. त्या देशाने तिला गर्भनिरोधक म्हणून परवानगी दिली ती १९९२ साली. कोणाच्या अंगावर आधी करून बघायचे, याचे उत्तर तिकडेही जातवाल्यांसारखेच दिले गेले.

आपल्याकडे १९८५ साली हैदराबादजवळच्या पटनचेरू इथे नेट-एन या दुसऱ्या प्रोजेस्टोजेन सुईचे शिबिर भरले. स्त्री शक्ती संघटनेच्या कार्यकर्त्या तिथे पोचल्या तेव्हा कळले की ही सुई अजून चाचणीत आहे याची जमलेल्या बायकांना कल्पनाच नव्हती. १९८६ साली त्या आणि ‘सहेली’सारख्या संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या. पुढे १९९० च्या दशकात आजची अंतरा, तेव्हाची डेपो-प्रोव्हेरा, खासगी बाजारात आली तेव्हाही स्त्री संघटनांनी विरोध केला आणि सरकारी कार्यक्रमात ती यायला २०१७ उजाडले. आज आम्ही गावोगावी अंतराची माहिती देतो, पण त्या बायका चुकल्या होत्या असे आम्ही म्हणणार नाही. त्यांनी विचारलेले प्रश्न होते म्हणून आज कार्ड आहे, तपासणी आहे, समुपदेशन हा शब्द तरी कागदावर आहे.

संततिनियमन हा विषय आपल्या चळवळीला नवा नाही. र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकावर, वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना सरळ उत्तरे दिली म्हणून, अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली कर्व्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले ते बाबासाहेब. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाच्या पी. जे. रोहम यांनी मुंबई विधानसभेत संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागे बाबासाहेबांचीच मांडणी होती. ठराव फेटाळला गेला. त्या वेळी गोळीही नव्हती आणि सुईही नव्हती.

पिशवी काढण्याआधी

चाळिशीच्या आसपास अंगावरून फार जाऊ लागले की आपल्या भागात एकच सल्ला मिळतो, “पिशवी काढून टाका, कॅन्सर होईन.” मराठवाड्यातल्या ऊसतोड बायकांचे काय झाले ते सगळ्यांनी वाचले आहे. पाळीत खाडा पडला की मुकादम पैसे कापतो, म्हणून पिशव्याच काढल्या गेल्या. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीसमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली आढळली. कापूस वेचायला जाणाऱ्या आमच्या बायकांची गोष्ट फार वेगळी नाही.

पुष्कळ वेळा कापाकापीची गरज नसते. अस्तर वाढून रक्त जात असेल तर प्रोजेस्टोजेनच्या गोळ्या काही आठवडे-महिने दिल्या जातात. लेव्होनॉर्जेस्ट्रेल थोडे थोडे सोडणारे एक छोटे साधन असते, तांबीसारखेच पिशवीत बसवतात, पाच वर्षे किंवा जास्त चालते आणि रक्त जाणे खूप कमी करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत ते आहे. काही हजार रुपये लागतात ही त्यातली अडचण. पण पिशवीच्या ऑपरेशनला, त्यासाठी काढलेल्या कर्जाला आणि बुडालेल्या मजुरीला किती लागतात? सिकलसेलच्या बाईला हे साधन विशेष सोयीचे, कारण रक्त वाचते.

मात्र आधी तपासणी. गडचिरोलीत डॉ. राणी बंग आणि सहकाऱ्यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली, ती १९८९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाचा काही ना काही आजार निघाला आणि त्याआधी आतली तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. आता परिस्थिती सुधारली असेल, तरी आर्णीत आजही गोळी आधी आणि तपासणी कधीच नाही असे चालते. चाळिशीनंतरचा अवेळी रक्तस्राव, संबंधानंतरचा रक्तस्राव, आणि पाळी जाऊन वर्ष झाल्यावर पुन्हा दिसलेला एक डागसुद्धा, हे गोळीने दाबायचे नसते. तिथे कॅन्सर नाही ना, हे बघणे आधी. याच कारणाने पाळी गेल्यानंतर कोणाला नुसते इस्ट्रोजेन दिले जात असेल आणि पिशवी जागेवर असेल, तर जोडीला प्रोजेस्टोजेन दिले आहे ना, हे विचारावे. नुसत्या इस्ट्रोजेनने अस्तर वाढत जाते आणि कॅन्सरचा धोका वाढतो.

गर्भारपणात “गर्भ टिकण्याची सुई” सर्रास देतात. तिच्यातले एक औषध, हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएट, दिवस भरण्याआधी बाळंतपण होऊ नये म्हणून अमेरिकेत वापरत. त्याचा फायदा सिद्ध होत नाही म्हणून तिथल्या औषध प्रशासनाने २०२३ साली त्याची परवानगी काढून घेतली. वारंवार गर्भ पडणाऱ्या काही जणींना प्रोजेस्टेरॉनचा उपयोग होतो, प्रत्येकीला नाही. दर आठवड्याला शेकड्याने पैसे मोजून सुई घेणाऱ्या बाईने ती कशासाठी, असे विचारायला हरकत नाही. विचारल्याने डॉक्टर रागावत असतील तर रागावू द्यावे.

कार्ड कुठे ठेवायचे

सिकलसेलची पहिली तपासणी प्राथमिक आरोग्य केंद्रात मोफत होते. बोटाच्या टोकाचे रक्त पुरते. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची तपासणी ‘एएस’ की ‘एसएस’ हे सांगते. १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन मोहीम सुरू झाल्यापासून शाळा-गावांत तपासण्या वाढल्या आहेत. नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भारपणात चारात एक वेळ मूल ‘एसएस’ असण्याची शक्यता असते. म्हणून सोयरीक जुळवताना पत्रिकेऐवजी दोघांची कार्डे बघावीत, हे आम्ही सांगत असतोच.

त्या कार्डाची जागा पेटीत नाही. ते पर्समध्ये ठेवा, मोबाईलमध्ये त्याचा फोटो काढून ठेवा. मेडिकलमध्ये पाळीची गोळी, सरकारी दवाखान्यात अंतरा, खासगीत गर्भ टिकण्याची सुई, काहीही मागायच्या आधी ते पुढे करा. मुलगी लग्नाला, शिबिराला, दीक्षाभूमीला निघाली असेल तर आईने डब्याबरोबर तेही दिले आहे ना बघावे. येत्या ऑक्टोबरला नागपूरच्या गाडीत आमच्या मंडळाच्या बायका असतील. पाण्याच्या बाटल्या, पॅड आणि बदलायला आडोसा म्हणून एक मोठी चादर बरोबर असेल. ज्या बहिणींना गोळी न घेता यायचे आहे त्यांनी जागा सांगून ठेवावी.